कपाटातली नोकरी

बूट लाल होते, एवढाच त्यांचा गुन्हा. दुकानाच्या काचेआडून ते दिसले, मी आत गेले, घालून पाहिले, आणि पाय काही केल्या बाहेर यायला तयार होईनात. शेवटी बुटांसकट घरी आले. नवऱ्याने खोक्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "कशाला?"

या माणसाविषयी गैरसमज नको. तो कंजूष नाही, रागीट तर मुळीच नाही. तो विमा कंपनीत दावे तपासतो. दिवसभर लोक येऊन सांगतात की आमचं हे जळलं, ते भिजलं, आणि हा विचारतो की मुळात ते तिथे ठेवलं होतं कशाला. मग संध्याकाळी घरी आल्यावर तोंड एकदम बंद कसं होणार? नवे पडदे, कशाला? जास्तीची उशी, कशाला? एकदा मी भांडी विसळताना गाणं म्हणत होते, तर तेही कशाला. उत्तर ऐकायला तो थांबत नाही, त्याच्या मनात तसं काही नसतंही. पण माझ्या मनात असतं ना! टिल्ली झाल्यावर मी नोकरी सोडली, त्याला आता ती शाळेत जाण्याइतके दिवस झाले, आणि "पायांना आवडले म्हणून" हे उत्तर दुसऱ्याच्या पगारावर उभं राहून देताना माझी जीभ अडखळते. दुसऱ्या दिवशी मी बूट परत करून आले. परत करताना दुकानदारानेही "का हो?" असं विचारलं, तेव्हा माझा संयम सुटला. त्याला म्हटलं, ठेवा बाजूला, मी येणार आहे. स्वतःच्या पैशांनी घेणार आहे, आणि कुणी कशाला म्हणून विचारलं तर उत्तरच देणार नाही.

आता घरात लहान मूल असलेल्या बाईने घरबसल्या चार पैसे मिळवायचं ठरवलं, की ती बातमी तिच्याआधी जिन्यातून खाली पोहोचते. समोरच्या वहिनी त्याच दुपारी कप घेऊन आल्या. त्यांना साखर हवी असते तेव्हा त्या कप आणतात आणि सल्ला द्यायचा असतो तेव्हाही आणतात, म्हणजे रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटत नाही.

"शिकवण्या घे," वहिनी म्हणाल्या. "मुलं येतात, पाढे म्हणतात, जातात. तुला उठायचंही नाही."

मी शिकवण्या घेतल्या. मुलं आली, पण त्यांना सोडायला आलेल्या आया गेल्याच नाहीत. त्या सोफ्यावर बसल्या, त्यांना चहा लागला, त्यांच्या धाकट्यांना बिस्किटं लागली, आणि टिल्लीने पाहुण्या मुलांना पाढ्यांऐवजी सोफ्यावरून उडी मारायला शिकवलं. त्यातली एक आई जाताना म्हणाली, मुलाची प्रगती छान आहे, आता तो कशालाच घाबरत नाही.

"मग मेणबत्त्या कर," वहिनी म्हणाल्या. "सुगंधी. लोक वेडे होतात."

लोकांचं माहीत नाही, आम्ही झालो. मेण स्वयंपाकघरात वितळवायचं, त्यात सुगंध घालायचा, साच्यात ओतायचं. सुगंध साच्यात राहिला नाही. तो सूपात गेला, चहात गेला, नवऱ्याच्या शर्टात गेला. त्याच्या साहेबांनी त्याला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. विकल्या गेल्या त्या मेणबत्त्या वहिनींनीच घेतल्या आणि त्यांचे पैसे साखरेच्या हिशेबात वळते केले.

तेव्हा नवऱ्याने एका रात्री जेवणाच्या टेबलावर साधकबाधक विचार करायचं ठरवलं. हा त्याचा आवडता खेळ. मिठाची बाटली म्हणजे शिवणकाम, चमच्यांचा पेला म्हणजे घरून भाषांतर, जॅमची बरणी म्हणजे दुसऱ्यांची मुलं सांभाळणं. प्रत्येक वस्तू पुढे सरकवून तो फायदे सांगे आणि मागे ओढून तोटे सांगे. "शिवणकामात वेळ आपल्या हातात, पण सुया टिल्लीच्या हातात. भाषांतराला शांतता लागते. मुलं सांभाळायची, तर उत्पन्न बरं, पण..." इथे त्याने बरणी मागे ओढली आणि ती रिकामी निघाली. टिल्लीने दुसऱ्यांची मुलं बोटाने चाटून संपवली होती. एकूण चर्चेतून असं निष्पन्न झालं की वेळ आपल्या सोयीचा हवा असेल तर काम सोयीचं नसतं, आणि काम सोयीचं असेल तर ते आधीच कुणाकडे तरी असतं. एवढं बोलून तो निवांत झोपला.

मला खरी नोकरी मिळाली ती भांडणातून. आमच्याकडे एक वॉशिंग मशीन आहे. त्यात कपड्यांच्या खिशातल्या वस्तू अडकतात, मशीन मध्येच पोटात पाणी धरून बसतं, आणि मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करते. इतक्या वेळा केला की पलीकडची माणसं मला आवाजावरून ओळखायला लागली. आधी ती मला सांगत, नंतर आम्ही एकमेकांशी सल्लामसलत करायला लागलो. एक दिवस तिथल्या सुपरवायझर मॅडमच फोनवर आल्या. मी तणतणत सांगितलं की खालचं गोल झाकण कसं उघडायचं, आत काय सापडतं, नळ आधी का बंद करायचा, आणि हे सगळं तुमची माणसं ग्राहकाला उलट्या क्रमाने का सांगतात. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही घरून आमचे फोन घ्याल का? वेळ तुम्ही ठरवा."

मी नाचले. अक्षरशः नाचले, टिल्लीला कडेवर घेऊन, स्वयंपाकघर ते बाल्कनी आणि परत.

पण नोकरी म्हटली की अटी आल्या. घरून फोन घ्यायचे तर घर शांत आहे याचं प्रमाणपत्र हवं. ते इमारतीच्या सेक्रेटरींनी द्यायचं, आणि कंपनीचा तपासनीस येऊन आवाज मोजणार. मी सेक्रेटरी काकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "पाणी येतं याचं देईन, पाणी येत नाही याचंही देईन. शांततेचं कसं देऊ? मला आधी ती ऐकावी लागेल."

म्हणून शांतता ऐकायला काका आले, आणि त्याच वेळी हातात छोटंसं यंत्र घेऊन तपासनीसही आला. बैठकीच्या खोलीत यंत्राचा काटा उडाला, कारण वर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. झोपायच्या खोलीत बाहेरून लिफ्टचा आवाज येत होता. तपासनीस निराश होऊन निघणार, तेवढ्यात काय सुचलं कोण जाणे, त्याने कपड्यांचं कपाट उघडलं आणि आत डोकं घातलं.

"या, या," आतून त्याचा दबका आवाज आला. "इथे या!"

कपाट मोठं आहे, भिंतीइतकं. लटकलेल्या कोटांमुळे आत आवाज जेमतेमच पोहोचत होता. मी शिरले. प्रमाणपत्राची जबाबदारी असल्यामुळे काकाही शिरले. शांतता नीट मोजता यावी म्हणून तपासनिसाने दार ओढून घेतलं. आम्ही तिघं कोटांमध्ये श्वास रोखून उभे राहिलो, आणि बाहेर किल्ली फिरली.

"आई, तुम्ही लपलात?" टिल्लीने आनंदाने विचारलं.

"टिल्ली, दार उघड! आम्ही इथे आहोत!"

"सांगायचं नसतं!" ती रागावली, आणि आम्हाला शोधायला दुसऱ्या खोल्यांमध्ये निघून गेली.

ती फार मन लावून खेळते. तिने आम्हाला पलंगाखाली शोधलं, बाल्कनीत शोधलं, फ्रिजमध्ये शोधलं. तपासनीस यंत्राकडे बघत होता, काका माझ्या हिवाळी कोटाच्या बाहीतून बोलत होते, आणि माझी अब्रू हँगरला लटकत होती. शेवटी नवरा ऑफिसातून आला, नेहमीप्रमाणे कोट काढला, आणि तो लटकवायला त्याने कपाट उघडलं. आत बायको, एक अनोळखी माणूस आणि इमारतीचे सेक्रेटरी. त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"कशाला?" तो म्हणाला.

"शांतता फार उत्तम आहे हो तुमच्याकडे," काका बाहेर येत म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. पुन्हा असा प्रसंग नको म्हणून नवऱ्याने कपाटाची किल्ली काढून स्वतःच्या पँटच्या खिशात सुरक्षित ठेवली. ती त्यानंतर कुणाला दिसली नाही.

तर मी कपाटात नोकरीला लागले. खाली उशी, डोक्यावर कोट, कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. पहिला महिना परीक्षेचा. सुपरवायझर मॅडम कुठलाही फोन केव्हाही ऐकणार, आणि नियम कडक. स्वतःची ओळख द्यायची नाही, ठरलेलीच वाक्यं बोलायची, ग्राहकाचा फोन आपण कधीही ठेवायचा नाही, आणि मागे घरातला आवाज येता कामा नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोड बोलायचं. तो आवाज मी पाण्यासारखा गाळून, साखर घालून तयार केला. घरात तो कुणी कधी ऐकला नव्हता, कारण घरात त्याची गरजच पडली नव्हती.

पहिला शेरा लवकरच मिळाला. एका गृहस्थांना मी मशीनचं दार कसं उघडायचं ते समजावत असताना न्हाणीघरातून टिल्लीने सगळ्या इमारतीला कळवलं, "आईऽऽ, माझी झालीऽऽ!" गृहस्थ म्हणाले, अभिनंदन. मॅडम तसं काही म्हणाल्या नाहीत. दुसरा शेरा वहिनींच्या कपामुळे मिळाला, त्यांनी घंटा वाजवून वाजवून मला साखरेसाठी कपाटातून बाहेर काढलं. मॅडमनी बजावलं, "आता आणखी एक, की मला काही करता येणार नाही हं." बाजूला ठेवलेले लाल बूट दुकानाच्या काचेतून अजून दिसत होते, मी रोज टिल्लीला शाळेत सोडताना त्यांच्याकडे बघून येत होते.

आणि याच वेळी, मला मदत म्हणून, सासूबाई राहायला आल्या.

सासूबाई प्रेमळ आहेत, फक्त त्यांचं प्रेम आधी चुका काढतं आणि मग जेवायला वाढतं. माझं काम त्यांना पटलं नव्हतं. "फोनवर बोलणं हे काम? मग मी जन्मभर कामच करतेय की!" येईल त्याला त्या सांगत, "सून घरीच असते, पण कपाटात असते." मशीनला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. पण त्या दिवशी मी कपाटात गेले, आणि त्यांना वाटलं, बिचारीला तेवढीच मदत. त्यांनी मुलाच्या पँटी गोळा केल्या आणि मशीन लावलं.

माझ्या कानात घंटा वाजली. "नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी आपली काय मदत करू शकते?"

"अहो बाई, पाणी!"

हा आवाज हेडफोनमधून आला, आणि लगेच मागोमाग कपाटाच्या दारातूनही आला. फोनवर सासूबाईच होत्या. मशीनवर मदत क्रमांकाची चिकटपट्टी आहे, ती मीच ठळक दिसेल अशी लावली होती. लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला, म्हणजे मॅडम ऐकत होत्या.

"आपण काळजी करू नका," मी साखर घातली. "मशीनला नेमकं काय झालं?"

"थांबलं मेलं मध्येच. मग मी खाली एक गोल झाकण होतं ते फिरवलं, वाटलं बंद करायचं असेल. ते हातातच आलं! आता पाणी येतंय, येतंय, थांबतच नाही!"

"आधी भिंतीवरचा नळ बंद करावा."

"मला कुठलं जमतंय? थांबा, सुनेला बोलावते. ती कपाटात आहे."

"नको!" साखर एकदम सांडली. मी ती भराभर गोळा केली. "आपल्याला नक्की जमेल. घड्याळाच्या दिशेने फिरवा."

"कुठल्या घड्याळाच्या? भिंतीवरचं तर बंद आहे."

ते बंद आहे हे मला माहीत होतं, सेल मीच आणायचा होता. पण हे बोलायची सोय नव्हती. "उजवीकडे फिरवा," मी म्हटलं. खडखड झाली, धाप लागली, आणि मग नवल घडलं. "झाला! बंद झाला की हो!" सासूबाईंच्या आवाजात असा हर्ष मी टिल्लीच्या बारशालाही ऐकला नव्हता.

"छान. पाणी कुठपर्यंत आलं आहे?"

"झोपायच्या खोलीत शिरतंय."

ते मला दिसतच होतं. कपाटाच्या दाराखालून एक बारीक धार आत आली, तिने थोडा विचार केला आणि माझ्या उशीकडे वळली. मी लॅपटॉप डोक्यावर घेतला. बाहेर पडले तर फोन तुटणार, फोन तुटला तर नोकरी जाणार. मी उशीसकट भिजत राहिले आणि ठरलेला पुढचा प्रश्न विचारला.

"मशीन लावण्याआधी आपण खिसे तपासले होते का?"

पलीकडे शांतता. तपासनीस असता तर खूश झाला असता.

"खिसे?" सासूबाई म्हणाल्या. "मुलाच्या पँटी आहेत. तो अगदी व्यवस्थित आहे हो लहानपणापासून."

"जिथून पाणी आलं तिथे आत हात घालून पाहा."

त्यांनी हात घातला. "ई! कागदाचा लगदा. बाटलीचं झाकण. पेनाचं टोपण. आणि ही... ही तर कपाटाची किल्ली!" मग त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे माझी सून रोज हे सगळं काढत असणार. प्रत्येक खिशातून. मी इतक्या वेळा येऊन राहिले, कधी पाण्याचा थेंब बाहेर आला नाही, आणि मला वाटायचं, मशीन काय, आपलं आपण धुतं. कधी बोलली नाही हो पोरगी."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तसं ते आधीच चहूकडून येत होतं. अहो आई, मीच आहे इथे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण हिरवा ठिपका जागा होता, आणि या ठिकाणी बोलायचं वाक्य ठरलेलं होतं.

"आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद," मी म्हटलं.

"किती गोड बोलतेस गं! तू हे काम घरून करतेस?"

"मला वैयक्तिक माहिती देता येत नाही."

"बरं, नको देऊ. मला एवढंच सांग, वयाची काही अट आहे का?"

"आपल्या सूनबाईंसाठी विचारताय का?"

"तिच्यासाठी कशाला? तिला आहे काम, ती कपाटात बसते. माझ्यासाठी विचारतेय. आज नळ बंद केला, किल्ली काढली, आता मला काही कठीण नाही."

त्यांनी पूर्ण गुण दिले आणि फोन ठेवला. मी कपाटातून बाहेर आले, कमरेपासून खाली चिंब, डोक्यावर लॅपटॉप. सासूबाई पाण्यात उभ्या होत्या, हातात किल्ली, चेहरा उजळलेला.

"आता आलीस होय! सगळं मी निस्तरलं. आणि काय सांगू, फोनवर एक मुलगी होती. काय धीर देते, काय बोलते! अशी सून मिळायला भाग्य लागतं. शिक जरा तिच्याकडून."

माझ्या स्वाभिमानाला ठेच लागली. ज्या गोष्टीत मी स्वतःपेक्षाच कमी ठरले होते, तिथे गप्प कशी राहणार? मी पाठ ताठ केली आणि साखर घातली.

"मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

सासूबाईंच्या हातातून किल्ली पाण्यात पडली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मग कपाटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मग त्या इतक्या हसल्या की मशीनचा आधार घेऊन खाली पाण्यातच बसल्या, आणि मीही त्यांच्याशेजारी बसले. शाळेतून आलेल्या टिल्लीला तळं आयतंच मिळालं. पुसायचं सोडून आम्ही तिघी तिथेच बसून होतो.

मॅडमचा निरोप त्याच संध्याकाळी आला. तिसरा शेरा नव्हता. माझी नोकरी पक्की, आणि पुढे विचारलं होतं की त्या आजी खरंच काम करतील का, कारण ग्राहकांना धीर द्यायला असा आवाज शोधून सापडत नाही. सासूबाईंनी कपाट मागितलं. वयाचा मान म्हणून मी दिलं आणि स्वतः नवऱ्याच्या पुस्तकांच्या माळ्यावर गेले. काका पुन्हा येऊन माळ्याची शांतता ऐकून गेले, या वेळी त्यांना उतरवायला शिडी कमी पडली. वहिनी आता कप दारात ठेवतात आणि घंटा वाजवत नाहीत. नवरा ऑफिसातून आल्यावर आधी स्वतःचे खिसे रिकामे करतो, कारण कपाटातून त्याची आई त्याला तो ठरलेला प्रश्न रोज विचारते.

पगार झाला त्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने काही न विचारता खोकं पुढे केलं. सासूबाईंनी बुटांकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या मापाचे आहेत?"

घरी येऊन दोन्ही जोड टेबलावर ठेवले, लाल, लखलखीत, एकमेकांना खेटून. नवरा आला. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, आईच्या बुटांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"कशाला?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आम्ही दोघी एका सुरात, साखर घालून म्हणालो, "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

मग बूट घातले आणि टिल्लीला त्याच्याकडे सोपवून आम्ही फिरायला गेलो.